नव्या घरात वीजबिलाचा झटका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका नव्या इमारतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा घरात दोनच माणसं होती. एसी नव्हता. तिसऱ्या महिन्याचं बिल ७,८६० रुपये आलं. वायरमन म्हणाला, "गिझर असेल." बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "नवीन मीटर थोडे फास्टच असतात, साहेब." दोघांचंही चुकलं होतं. त्या भानगडीतून बाहेर पडेपर्यंत वीजबिल वाचायला शिकलो, आणि तेव्हापासून सोसायटीत कुणाचं बिल फुगलं की पहिला फोन मला येतो. नेहमी तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. बहुतेक माहिती महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी आहे. मुंबई आणि गोव्यासाठी पुढे वेगळं लिहिलंय.

बिल हातात पडलं की सगळ्यात आधी काय बघायचं?

रुपये बघू नका, युनिट बघा. रुपये बघितले की डोकं तापतं आणि हाती काही लागत नाही. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांच्यातला फरक, या तीन आकड्यांवर बोट ठेवा. मग मीटरपाशी जा आणि आजचं रीडिंग लिहून आणा. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने फिरत असतात: तारीख, वेळ, व्होल्टेज वगैरे. आपल्याला 'केडब्ल्यूएच' (म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडा हवा. मोबाइलमध्ये फोटोच काढून ठेवा, त्यात मीटरचा क्रमांकही आला पाहिजे.

बिलावर छापलेलं चालू रीडिंग आजच्या रीडिंगपेक्षा जास्त असेल, तर विषय तिथेच संपला. रीडिंग चुकीचं घेतलंय, फोटो दाखवून तक्रार करा. मीटर क्रमांकही बिलाशी ताडून पाहा. नव्या इमारतीत एकाच दिवशी पन्नास-साठ मीटर बसतात, आणि कागदावर एक नि भिंतीवर दुसरंच असं होऊ शकतं.

बिलावर 'सरासरी' असं दिसतंय. म्हणजे काय?

रीडिंग घेतलंच गेलेलं नाही. मीटर रूमला कुलूप होतं, रीडिंग घेणारा आला तेव्हा वॉचमन चहाला गेला होता, मीटरचा पडदा बंद होता, यातलं काहीही झालेलं असू शकतं. अशा वेळी अंदाजाने युनिट धरून बिल पाठवतात. दोन-तीन महिने अंदाज कमी धरला गेला आणि चौथ्या महिन्यात खरं रीडिंग मिळालं, तर मागचा सगळा वापर एकदम अंगावर येतो. तो वापर तेवढ्या महिन्यांत वाटूनच दर लागायला हवा, नाहीतर तुम्ही उगाचच वरच्या, महाग दराच्या टप्प्यात जाता. बिलावर किती महिन्यांचा वापर धरलाय ते बघा आणि वाटणी केलेली नसेल तर सेक्शन ऑफिसात जाऊन करून घ्या.

नव्या घराचं पहिलं बिलही पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी येतं. तिथेही हाच हिशेब. महावितरणच्या मोबाइल अ‍ॅपमधून स्वतः रीडिंग पाठवायची सोय आहे, ती वापरली तर हा कटकटीचा भाग बराच कमी होतो.

आम्ही तर अजून राहायलाही आलो नव्हतो. मग एवढे युनिट कुठून आले?

फर्निचरचं काम चालू होतं ना? सुताराची कटर मशीन, टाइल्सवाल्याचा कटर, पॉलिशवाल्याचा कॉम्प्रेसर, रात्री कामगार तिथेच झोपत असतील तर त्यांची शेगडी, आणि दिवसभर जळणारा हॅलोजन. ५०० वॅटचा एक हॅलोजन १० तास जळला की ५ युनिट. महिनाभरात दीडशे. काम सुरू होण्याआधीचं आणि संपल्यावरचं रीडिंग लिहून ठेवलं असतं तर कॉन्ट्रॅक्टरशी बोलायला तोंड राहिलं असतं. बहुतेक जण लिहीत नाहीत. मीही लिहिलं नव्हतं.

दुसरी शक्यता अशी की ताबा मिळण्याआधी बिल्डरच्या माणसांनीच तुमच्या फ्लॅटमधून वायर ओढून काम केलं. ताब्याच्या पत्रावर मीटरचं रीडिंग लिहून घ्यायचा आग्रह धरा. चावी घेताना पेढे वाटायच्या गडबडीत हे राहून जातं.

मीटर माझंच आहे हे कसं ओळखायचं?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

घरातला मेन स्विच बंद करा. फ्रिज, वायफाय, देवघरातला झिरोचा बल्ब, सगळं गेलं पाहिजे. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर दिवे चालू दिसतील आणि गोंधळ होईल. मग खाली मीटर रूममध्ये जा. तुमच्या नावाच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो. वीज वापरली जात असेल तर तो लुकलुकतो. घर पूर्ण बंद असताना पाच मिनिटं उभे राहा. घर चालू असताना लुकलुकणारा दिवा आता लुकलुकला नाही, तर मीटर तुमचंच आहे आणि मीटरपासून घरापर्यंतच्या वायरमध्येही गळती नाही. लुकलुकत राहिला, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं घर चालू आहे, किंवा वाटेत कुठेतरी वीज गळतेय.

आमच्याकडे दिवा नुसता लुकलुकत नव्हता, नाचत होता. मग मी वर येऊन समोरच्या काकांना विचारलं, "पाच मिनिटं तुमचा मेन बंद करता का?" त्यांनी केला. दिवा थांबला. बिल्डरच्या माणसाने मीटर रूममध्ये दोन वायरींना चिठ्ठ्या उलट्या लावल्या होत्या. काकांच्या घरी दोन एसी होते. त्यांचं बिल ९०० रुपये यायचं, आणि गेले दोन महिने ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्यांच्या इन्व्हर्टर एसीचं कौतुक सांगत होते.

ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. मीटर पेटी मात्र उघडू नका, सील तोडू नका, वायरीला हात लावू नका. सील तुटलेलं सापडलं की तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. नुसतं बघायचं.

मेन बंद केल्यावर दिवा थांबतो, पण चालू केल्यावर फार जोरात पळतो. मग?

आता चोर घरातच आहे. सगळे एमसीबी, म्हणजे मेनजवळच्या बोर्डातले छोटे स्विच, पाडा आणि मेन चालू ठेवा. मग एकेक एमसीबी वर करत जा. एक जण मीटरपाशी, एक जण घरात, दोघांच्या कानाला फोन. कोणत्या एमसीबीला दिवा पळायला लागला ते लगेच कळतं.

नव्या घरात मला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. एक म्हणजे भिंतीतल्या गरम पाण्याच्या पाइपची गळती. पाणी थेंबथेंब जातं, ओल दिसायला महिने लागतात, आणि तोवर गिझर रात्रंदिवस पाणी तापवत बसतो. गिझरचा स्विच दोन दिवस फक्त आंघोळीपुरता चालू ठेवा आणि युनिट किती उतरतात ते बघा. दुसरी म्हणजे न्यूट्रलची सरमिसळ. फेज म्हणजे वीज आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी. आपल्याकडची सिंगल फेज मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात, आणि ज्यात जास्त असेल त्यावर युनिट धरतात. चोरी पकडायला ही सोय केलेली आहे. पण डक्टमधून जाताना वायरमनने शेजाऱ्याचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला जोडला असेल, तर त्याच्या घरातला प्रवाह तुमच्या मीटरमधून परत जातो आणि तुमचे युनिट पडतात. अशा वेळी बऱ्याच मीटरवर 'ईएल' किंवा 'अर्थ' असं लिहिलेला छोटा दिवा लागलेला दिसतो. तो दिसला तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. यात घरच्या घरी काही करू नका.

मीटर फास्ट आहे का, हे घरी तपासता येतं?

अंदाज नक्की येतो. मीटरवर '३२०० इम्प' असा आकडा छापलेला असतो. काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतो. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, असा त्याचा अर्थ.

पाणी तापवायचा १,००० वॅटचा रॉड बादलीत लावा. घरातलं बाकी सगळं बंद. या रॉडवर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. गिझर किंवा इस्त्री घेऊ नका, त्यांचा थर्मोस्टॅट मध्येच बंद होतो आणि हिशेब चुकतो. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघू नका, हेही सांगायला लागतं. व्होल्टेज कमी-जास्त असलं की रॉडची ताकदही बदलते, त्यामुळे ४८ किंवा ५७ आले तर मीटरला दोष देऊ नका. ८० आले तर द्या.

मग लेखी अर्ज करून, फी भरून मीटर तपासणी मागता येते. माझा अनुभव सांगतो: ज्यांनी ज्यांनी 'मीटर फास्ट आहे' म्हणून माझ्याकडे तक्रार आणली, त्यांच्यात खरंच फास्ट निघालेलं मीटर मी अजून पाहिलेलं नाही. तरी शंका आली तर तक्रार लवकर द्या, कारण मीटर सदोष ठरलं तरी बिलाची दुरुस्ती साधारणपणे जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांचीच होते.

वापर दुप्पट झाला, पण बिल अडीचपट कसं?

टप्प्यांमुळे. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, म्हणून पैसे इथे लिहीत नाही. पण उतरंड लक्षात ठेवा. वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणायचे पैसे) धरून २०२४-२५ च्या दरांत दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडत होतं आणि तिसऱ्यातलं अडीचपटीहून थोडं जास्त.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: ३०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. तसं नाही. पहिली १०० युनिट स्वस्तच राहतात, महाग फक्त वरची होतात. त्यामुळे महिनाअखेरीला ३०० च्या आत राहायचं म्हणून शेवटचे दोन दिवस अंधारात बसण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एक आजोबा बसायचे.

युनिटच्या पैशांवर स्थिर आकार (वापर असो-नसो, दर महिन्याला ठरलेला), वहन आकार, इंधन समायोजन आकार (वीज बनवायच्या-विकत घ्यायच्या खर्चातला फरक), आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन दर महिन्याला बदलू शकतं, म्हणून तेवढ्याच युनिटचं बिल दोन महिन्यांत वेगळं येतं.

कुठल्या वर्गवारीचं बिल आहे हे बघायची गरज आहे का?

आहे. जुना फ्लॅट घेतला असेल आणि आधी तिथे क्लास किंवा दवाखाना असेल, तर मीटर अजून घरगुती सोडून दुसऱ्याच दरावर असू शकतं. बिलावर घरगुती लिहिलंय का ते बघा. नसेल तर वर्गवारी बदलायचा अर्ज करा. तीन फेजचं मीटर असेल तर स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो. बिल्डरने 'प्रीमियम' म्हणून तीन फेज दिलंय आणि तुमच्या घरात एकच एसी आहे, तर ते पैसे दर महिन्याला फुकट जातायत.

उपकरणांत खरे खादाड कोण?

सगळे गिझरकडे बोट दाखवतात. १५ लिटरची टाकी एकदा तापायला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही. चार जणांच्या आंघोळीला रोज तीन-चार युनिट. जास्तच आहे, पण ७,८६० चं कोडं त्याने सुटत नाही.

नव्या घरात माझा पहिला संशय फॉल्स सीलिंगवर असतो. हौसेने चाळीस दिवे बसवतात. प्रत्येकी १२ वॅटचे धरा, म्हणजे ४८० वॅट. संध्याकाळी पाच तास सगळे जळले की रोज २.४ युनिट, महिन्याला ७२. एलईडी आहेत म्हणून कुणी बंदच करत नाही. जुन्या घरात तेवढ्या जागेला दोन ट्यूब होत्या.

मग एसी. दीड टनाचा जुन्या पद्धतीचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या आसपास घेतो. इन्व्हर्टरवाला कमी घेतो, पण वरच्या मजल्यावर पश्चिमेची भिंत आणि तापलेला स्लॅब असेल तर त्यालाही दम खाता येत नाही. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर लागतात, ते १८ वर नेणारे आपणच. खाली राहणारा माणूस वरच्या मजल्यावर राहायला गेला की पहिल्या एप्रिलमध्ये त्याला हे कळतं.

पंख्यांचं मात्र खरंच करण्यासारखं आहे. साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर महिन्याला साठेक युनिट वाचतात. फ्रिज घेताना स्टार मोजत बसण्यापेक्षा लेबलावर वर्षाला किती युनिट लिहिलेत ते वाचा. वायफाय आणि सेट टॉप बॉक्स चोवीस तास चालू असतात, दोन्ही मिळून महिन्याला पंधरा युनिटपर्यंत.

आधीच्या मालकाची थकबाकी माझ्या बिलात आलीय. मी का भरू?

राग योग्य आहे, पण थकबाकी जागेला चिकटते. वीज कंपनीच्या नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडूनही वसुली होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलंय. म्हणून खरेदीखताआधीच शेवटचं भरलेलं बिल मागा आणि १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून बाकी शून्य आहे ना ते स्वतः बघा. पूर्ण रकमेचा चेक देण्याआधी. नंतर जुना मालक फोन उचलत नाही.

नाव बदलून घ्यायचं टाळू नका. अनामत जुन्या नावावर असते, तीही तेव्हाच मार्गी लागते.

एप्रिल-मेमध्ये दुसरंच एक बिल आलं. हे काय?

अतिरिक्त सुरक्षा ठेव. वर्षभराच्या सरासरी बिलाच्या दुप्पट रक्कम ठेव म्हणून असावी लागते. नव्या घरात तुम्ही वापर वाढवलात, म्हणून ठेवही वाढवून मागतात. हा दंड नाही. त्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. हप्ते मागता येतात.

बिल चुकीचं वाटतंय, तर न भरता बसलो तर चालेल?

नाही. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे. त्याच कलमात अशी सोय आहे की वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी, यातलं जे कमी ते निषेध नोंदवून भरलं तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. नव्या घरात सहा महिने झालेले नसतील तर अडचण होते, तेव्हा अधिकाऱ्यांशी बोलून हप्ते बांधून घ्या. भरताना 'निषेध नोंदवून' हे शब्द अर्जात लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उशिरा भरलं तर १.२५ टक्के आकार लागतो.

तक्रार आधी सेक्शन किंवा उपविभाग कार्यालयात, किंवा १९१२ वर फोन करून. क्रमांक लिहून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. त्यापुढे विद्युत लोकपाल, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. मंचाच्या आदेशानंतर ६० दिवसांत तिथे जावं लागतं.

मुंबईत किंवा गोव्यात असेल तर?

मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दर कंपनीप्रमाणे वेगळे, पण कायदा आणि मंच-लोकपालची वाट तीच. गोव्यात वीज सरकारचं खातंच देतं आणि दर संयुक्त नियामक आयोग ठरवतो. मीटरसमोर उभं राहायची तपासणी कुठेही सारखीच.

भाड्याच्या घरात मालक सबमीटरवर वाट्टेल तो दर लावतो. काय करावं?

मुख्य मीटरचं बिल दाखवायला सांगा आणि एकूण रकमेला एकूण युनिटने भागा. तोच तुमचा दर. करार करतानाच हे लिहून घ्या, नंतर बोलणं अवघड जातं.

वायरी बदललेल्या निघाल्या. आता पैसे कोणी कोणाला द्यायचे?

हे सगळ्यात नाजूक. आधी दोन्ही घरांनी मिळून एकच अर्ज द्यायचा, दोन्ही मीटर क्रमांक आणि फोटो जोडून, आणि वायरी अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्यायच्या. मग दोन्ही बिलांची दुरुस्ती मागायची. आपापसात रोख देऊन मिटवलं तर टप्प्यांचा हिशेब चुकतोच, आणि कागदावर काहीच राहत नाही.

आमच्या बाबतीत दुरुस्तीला चार महिने गेले. मला जमा मिळाली, काकांना जवळपास तेवढ्याच रकमेचं बिल आलं. ते आठवडाभर बोलले नाहीत. मग दिवाळी आली, काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता तरी ह्यांचं ते एसीपुराण बंद झालं."